नवखेपणाची पाटी आणि बाजारातली पत

कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरून चप्पल लाईनीकडे दुकानांच्या पाट्या वाचीत सावकाश जाणाऱ्या माणसाच्या ध्यानात एक गोष्ट आल्यावाचून राहत नाही. ज्या पेढीला पन्नास-साठ वर्षे झाली, तिच्या पाटीवर मालकाच्या नावाखाली स्थापनेचे साल ठळक अक्षरांत रंगवलेले असते. जिला दोनच वर्षे झाली, तिच्या पाटीवर साल मुळीच नसते, तिथे कुलदैवताचे नाव असते, आजोबांचे नाव असते, फार तर ‘अस्सल कोल्हापुरी’ एवढी दोन अक्षरे असतात. आणि मौज अशी की, जुने साल वाचून विश्वासाने आत शिरलेले गिऱ्हाईक बसल्या बसल्या विचारते ते हेच, ‘नवीन काय आलंय?’ माल नवा हवा आणि विकणारा जुना हवा, अशी ही आपली सर्वांचीच रीत. आणि तिचा अर्थ न कळताही दुकानदार पिढ्यान्‌पिढ्या ती ओळखून आहेत.

इंटरनेटवरच्या बाजारात मात्र साल लपवण्याची ही मुभा दुकानदाराला उरत नाही, कारण तिथली पाटी तो स्वतः लिहीत नाही. फायव्हर या कामे विकण्याच्या बाजारात येणाऱ्या प्रत्येकाला आरंभी ‘नवा विक्रेता’ हाच दर्जा मिळतो. एअरबीएनबीवर भाड्याने दिल्या जाणाऱ्या खोलीच्या नावापुढे, तीन पाहुण्यांचे अभिप्राय जमा होईपर्यंत, ताऱ्यांच्या जागी ‘नवीन’ हा शब्द झळकतो. ईबेवर नावाशेजारी कंसात अभिप्रायांचा आकडा असतो आणि तो शून्यापासून सुरू होतो. ही पाटी गिऱ्हाईक वाचते हे उघड आहे. पण ती विक्रेताही रोज वाचतो, आणि वाचून वाचून तिच्याप्रमाणे वागू लागतो, ही गोष्ट तितकीशी उघड नाही. प्रस्तुत लेखाचा विषय मुख्यतः हाच आहे.

खाते नवे, हात जुना

समजा, कागल तालुक्यातल्या कापशीची एक मुलगी आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले कातडे, त्याचे कान, अंगठा, वेणी आणि हाताने घातलेले टाके यांत तिच्या वडिलांची तीस वर्षे गेलेली आहेत, आणि कोणत्या चपलेचा कान चार दिवसांत सैल पडेल हे ती स्वतः नुसत्या बोटाने चाचपून सांगू शकते. या मुलीने परवा एका ऑनलाइन बाजारात खाते उघडले. पांढऱ्या चादरीवर जोड ठेवून फोटो काढले, किंमत लिहिली आणि वाट पाहत बसली. तिसऱ्या दिवशी पुण्याहून निरोप आला : ‘ओरिजिनल कोल्हापुरी आहे ना? फोटोत आहे तीच येणार ना?’ तिने घाईघाईने उत्तर टाइप केले : ‘हो ताई. मी या धंद्यात नवीन आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या. पहिलीच ऑर्डर आहे म्हणून शंभर रुपये कमी करते.’

हे उत्तर बारकाईने पाहण्याजोगे आहे. पुण्याच्या बाईंनी धंद्याचे वय विचारले नव्हते, किंमत कमी करा असे तर सुचवलेही नव्हते. त्यांचा प्रश्न मालाविषयी होता, आणि त्या प्रश्नाचे उत्तर देण्यास या मुलीइतकी अधिकारी व्यक्ती सबंध बाजारात क्वचितच सापडली असती. तरीही तिच्या उत्तरात कातड्याचा उल्लेख नाही, टाक्यांचा नाही, वडिलांचा नाही. आहे ती क्षमायाचना आणि सूट. नवे होते ते तिचे खाते. तिने ते नवेपण आपल्या हातांना लावून घेतले.

या विषयात माझे म्हणणे असेल तर ते एवढेच, की नवखेपणाची पाटी खोटी नसते, पण ती ज्या वस्तूवर लावलेली असते तिच्यावरून घसरून दुसऱ्याच वस्तूवर जाऊन बसते. तिने सांगायचे असते खात्याचे वय. वाचले जाते कसबाचे वय. असे का घडते ते पाहू.

अनोळखी माणसाला भुर्दंड का पडतो?

प्रथम गिऱ्हाइकाची बाजू घेऊ, कारण त्याचा संशय अगदीच निराधार नसतो. जुन्या पेठेत एखाद्या व्यापाऱ्याने गिऱ्हाइकांना बुडवले, तर त्याला दुसऱ्या दिवशी नवे नाव घेऊन त्याच पेठेत दुकान मांडणे शक्य नसे. चेहरा तोच, बोली तीच, सोयरेधायरे तेच. इंटरनेटवर मात्र एक नवा ई-मेल आणि एक नवा फोन नंबर मिळाला की नवा अवतार सिद्ध होतो. एरिक फ्रीडमन आणि पॉल रेझ्निक या दोन अभ्यासकांनी २००१ साली या परिस्थितीचे विवेचन करताना असे दाखवून दिले की, जिथे नाव बदलणे स्वस्त असते, तिथे बदलौकिक झालेला लबाड मनुष्य नवखा बनूनच परत येतो, आणि म्हणून सगळ्याच नवख्यांकडे संशयाने पाहणे गिऱ्हाइकाला भाग पडते. प्रामाणिक नवख्याला जो भुर्दंड पडतो, तो त्याच्या स्वतःच्या दोषाबद्दल नसून, त्याच्याच वेषात शिरू पाहणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या तरी दोषाबद्दल असतो.

हा भुर्दंड किती? याचे एक मोजमाप उपलब्ध आहे, आणि ते ज्या रीतीने केले गेले ती रीत मोठी चतुर आहे. ईबेवर जुनी चित्रकार्डे विकणारा एक नामांकित विक्रेता होता. रेझ्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्याकडून एकसारख्या कार्डांच्या जोड्या लावून घेतल्या, आणि जोडीतले एक कार्ड त्याच्या जुन्या नावाखाली, तर दुसरे कोरे अभिप्रायपत्र असलेल्या नव्या नावाखाली विक्रीस ठेवले. माल तोच, बांधणी तीच, माणूसही तोच. फरक केवळ पाटीचा. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचा निष्कर्ष असा की, जुन्या नावाला गिऱ्हाईक सरासरी ८.१ टक्के अधिक दाम द्यायला तयार होते. म्हणजे नव्या नावाखाली १०० रुपयांना गेलेली वस्तू जुन्या नावाखाली सुमारे १०८ रुपयांना गेली असती.

अमेरिकेतल्या चित्रकार्डांचा आकडा कापशीच्या चपलेला जसाच्या तसा लावता येणार नाही, हे मान्य आहे. पण त्यातून एक गोष्ट निश्चित दिसते : नवखेपणाला खरोखरच तोटा असतो आणि त्या तोट्याला मर्यादाही असते. बाजार त्या कार्डवाल्याकडून आठ टक्क्यांच्या आसपास वसूल करीत होता. आपल्यापैकी कित्येक नवे विक्रेते बाजाराने काही मागण्यापूर्वीच त्याच्या तिप्पट-चौपट सूट देऊन मोकळे होतात, आणि वर ‘सांभाळून घ्या’ म्हणतात. ही जादा रक्कम गिऱ्हाइकाच्या संशयाची किंमत नव्हे. ती विक्रेत्याच्या स्वतःच्या संशयाची किंमत आहे.

पाटी आतून वाचली जाते तेव्हा

बाहेरून लावलेली पाटी मनुष्याच्या हातून होणारे कामच बदलून टाकते, याचा आपल्या देशातला सर्वांत झोंबणारा पुरावा कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या ग्रामीण शाळकरी मुलांवर केलेल्या प्रयोगात सापडतो. सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली आणि दर कोड्यामागे पैसे ठरवले. जात उच्चारली गेली नाही, तिथे सवर्ण आणि दलित मुलांच्या कामगिरीत म्हणण्यासारखे अंतर दिसले नाही. दुसऱ्या काही गटांत मात्र आरंभी प्रत्येक मुलाचे नाव, गाव, बापाचे नाव, आजोबाचे नाव आणि जात सर्वांसमक्ष वाचून दाखवण्यात आली, आणि बरोबर असल्यास मान हलव असे त्याला सांगण्यात आले. एवढ्यानेच दलित मुलांची कोडी स्पष्टपणे कमी सुटली. डोके तेच होते, कोडी त्याच तोलाची होती, मोबदलाही तोच होता.

जातीचा शिक्का आणि ‘नवा विक्रेता’ ही पाटी यांचे वजन एक आहे, असे कोणी म्हणू नये. एक हजारो वर्षांच्या अन्यायाचे ओझे आहे, दुसरी काही अभिप्रायांनंतर उतरणारी चिठ्ठी. परंतु ज्या वाटेने ती आत शिरतात ती वाट पुष्कळशी एकच आहे : चारचौघांत झालेला उच्चार, त्याला द्यावी लागलेली संमती, आणि मग कामावरचे लक्ष उडून ‘हे लोक माझ्याविषयी काय समजत असतील’ याकडे लागणे. आणि चामड्याचे काम करणाऱ्या घरातली मुलगी बाजारात येते तेव्हा तिच्यावर दोन्ही चिठ्ठ्या एकाच वेळी चिकटलेल्या असू शकतात, हे विसरून चालणार नाही.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली ‘हे काम माझ्याने होईल’ या भावनेची सविस्तर मीमांसा केली. ही भावना म्हणजे सर्वसाधारण स्वाभिमान नव्हे. एखादा मनुष्य एरवी दिलदार आणि निर्भय असून इंग्रजीत निरोप लिहायच्या वेळी मात्र त्याचे हातपाय गळतात. म्हणजे ही भावना कामागणिक वेगळी असते. ती कोठून येते, ते सोबतच्या चौकटीत दिले आहे.

> चौकट : ‘माझ्याने होईल’ हे मनाला कशामुळे वाटते?
> स्वतः तडीस नेलेले काम – याचा जोर सर्वांत अधिक.
> आपल्यासारख्याच दुसऱ्याला ते करताना पाहणे – शेजारणीचा माल दिल्लीला गेला, मग माझा का जाणार नाही?
> ज्याच्या शब्दाला वजन आहे अशा माणसाचे सांगणे – नुसती स्तुती येथे फारशी कामाला येत नाही.
> शरीराची त्या वेळची अवस्था – छातीतली धडधड ‘भीती’ म्हणून घेतली की उमेद खचते, ‘तयारी’ म्हणून घेतली की टिकते.

नवखेपणाच्या पाटीचा घाव पहिल्या कलमावरच बसतो. पहिले काम तडीस जावे, तर पहिले गिऱ्हाईक यायला हवे; आणि पाटी पाहून तेच यायचे थांबते. काम नाही म्हणून अभिप्राय नाही, अभिप्राय नाही म्हणून काम नाही. या चक्रात सापडलेला मनुष्य चार-सहा आठवड्यांनी जे अनुमान काढतो, ते ‘माझे खाते नवीन आहे’ असे राहत नाही. ‘मला हे जमत नाही’ असे होऊन बसते. वास्तविक जमते की नाही याची परीक्षा अद्याप झालेलीच नसते.

रेवडीची कुस्ती

कोल्हापूरच्या मातीला हे चक्र तोडण्याची एक युक्ती फार पूर्वीपासून अवगत आहे. कुस्तीच्या मैदानात पहिल्या नंबरची कुस्ती दिवस कलल्यावर लागते. त्यापूर्वी दुपारपासून लहान पोरांच्या कुस्त्या चाललेल्या असतात, आणि त्यांचे इनाम म्हणजे मूठभर रेवड्या, नाहीतर नारळ. नव्या पोराला नवा म्हणून कोणी तालमीबाहेर ठेवीत नाही, किंवा नवा असूनही नामांकित मल्लापुढे सोडून त्याची हाडे मोडून घेत नाही. वस्ताद त्याच्या वजनाचा आणि वकुबाचा जोड शोधून ती कुस्ती लावतो. इनाम क्षुल्लक असले तरी कुस्ती खरी असते, हार-जीत खरी असते, आणि पाहणारे लोक खरे असतात. येथे नवखेपणाने पोराचा जोड ठरतो. त्याची लायकी ठरत नाही.

ऑनलाइन बाजारात ही व्यवस्था बहुधा नसते. तिथे कालची मुलगी आणि दहा वर्षांची पेढी एकाच पानावर, एकाच शोधाच्या उत्तरात, एकीखाली एक अशा उभ्या केल्या जातात. म्हणून नव्या विक्रेत्याने आपल्यासाठी लहान जोड स्वतःच शोधणे इष्ट : साऱ्या देशासाठी ‘कोल्हापुरी चप्पल’ या विशाल मथळ्याखाली उभे राहण्याऐवजी, उदाहरणार्थ, सहा ते आठ वर्षांच्या मुलांसाठी कापशी चप्पल, एवढ्याच एका मालाची जाहिरात करावी. तिथे प्रतिस्पर्धी थोडे, गिऱ्हाइकाचा प्रश्न नेमका, आणि पहिला सौदा तडीस जाण्याचा संभव अधिक.

गंगाराम कांबळे यांचे हॉटेल

पहिल्या गिऱ्हाइकाचे महत्त्व किती, हे कोल्हापूर शहराने अगदी डोळ्यांदेखत पाहिलेले आहे. छत्रपती शाहू महाराजांच्या पागेत चाकरीला असलेल्या गंगाराम कांबळे यांनी सवर्णांच्या हौदाला शिवल्याच्या आरोपावरून मार खाल्ला. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि कांबळ्यांना स्वतंत्र धंदा करण्यास उत्तेजन दिले. त्यांनी भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ नावाचे चहाचे हॉटेल काढले. चहाला नाव ठेवायला जागा नव्हती. पण पाटीवरचे नाव वाचून गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज आपली गाडी भर रस्त्यात त्या हॉटेलापुढे थांबवून चहा मागवीत, स्वतः पीत, आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजीत.

या घटनेतले औदार्य सर्वांना दिसते. त्यातले व्यापारशास्त्र तितक्या लोकांना दिसत नाही. महाराजांनी कांबळ्यांना भांडवलाची मदत केली होतीच, पण भांडवलाने पाटी पुसली जात नव्हती. ती पुसण्यासाठी ज्याची पत निर्विवाद आहे अशा माणसाने, चारचौघांच्या देखत, प्रत्यक्ष सौदा करायला हवा होता. शब्दांची शिफारस अपुरी पडली असती; चहा प्यावाच लागला.

सुमारे शतकानंतर अमांडा पॅलेस या अर्थशास्त्रज्ञ विदुषीने नेमकी हीच गोष्ट प्रयोगाच्या रूपाने तपासली. ओडेस्क या कामांच्या ऑनलाइन बाजारात आलेल्या अर्जदारांपैकी ९५२ जणांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून तिने माहिती भरण्याचे लहानसे काम दिले, आणि काम झाल्यावर अभिप्राय नोंदवला. ज्यांना यापूर्वी तिथे एकही काम मिळालेले नव्हते, त्यांना पुढच्या काळात, न निवडलेल्या तशाच नवख्यांपेक्षा, कामेही अधिक मिळाली आणि कमाईही अधिक झाली. निवड दैवावर सोडलेली असल्यामुळे, हे लोक मुळातच हुशार होते असे म्हणण्याची सोय नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातले मर्म असे : पहिल्या कामाचा खर्च आणि जोखीम एकाला सोसावी लागते, त्याचा लाभ मात्र पुढच्या सर्व गिऱ्हाइकांना होतो, म्हणून आपण होऊन पहिले गिऱ्हाईक होण्यास कोणी राजी नसते.

पाटीची मुदत

मग ही पाटी नसावीच काय? माझे मत तसे नाही. आपल्याकडे शिकाऊ चालकाच्या गाडीवर पांढऱ्या पाटीवर तांबडे ‘एल’ अक्षर असते, आणि शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिने. जपानमध्ये १९७२ पासून नव्या चालकाने परवाना मिळाल्यावर वर्षभर गाडीवर हिरव्या-पिवळ्या पानाचे चिन्ह लावायचे असते. आणि अशा गाडीला दाटीवाटीने खेटणाऱ्या किंवा तिच्यापुढे बेमुर्वत घुसणाऱ्या इतर चालकास दंड होतो. एकाच्या नवखेपणाने तिथे दुसऱ्यावर कर्तव्य पडते, आणि त्या कर्तव्याला मुदत असते. ‘नवा विक्रेता’ या पाटीने मात्र कोणावर कसलेही कर्तव्य पडत नाही, आणि तिची मुदत वर्षमहिन्यांत नसून, न येणाऱ्या गिऱ्हाइकांत मोजलेली असते.

पाटी फार लवकर फेकून देण्यातही धोका आहे. कार्मेन सांचेझ आणि डेव्हिड डनिंग यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, अगदी कोरा नवशिका स्वतःविषयी पुष्कळसा सावध असतो. थोडासा अनुभव गाठीशी आला की मात्र त्याचा आत्मविश्वास त्याच्या कसबापेक्षा वेगाने फुगतो. म्हणजे भरमसाट जाहिरात लावून पैसे बुडवण्याचा योग पहिल्या ऑर्डरीच्या वेळी तितकासा नसतो. तो दहा-पंधरा ऑर्डरी झाल्यावर येतो.

काही लोकांना तर ही पाटी उतरूच नये असे वाटते. ‘नवशिक्यांसाठी डिजिटल मार्केटिंग’ शिकवणारे वर्ग गल्लोगल्ली निघाले आहेत, आणि त्यांतले काही चांगलेही आहेत. परंतु एक वर्ग संपल्यावर ‘अजून तुम्ही प्राथमिक पायरीवर आहात’ असे सांगून दुसऱ्या वर्गाची फी मागणाऱ्याचा हितसंबंध शिष्याच्या कायमच्या नवखेपणात गुंतलेला असतो, हे ओळखून असावे. तीन वर्ग पूर्ण करून एकही जोड न विकलेला मनुष्य मला एक जोड विकून एकही वर्ग न केलेल्या माणसापेक्षा अधिक नवखा वाटतो.

उसनी पत आणि खरी पत

नव्या विक्रेत्याजवळ स्वतःची पत नसली तरी त्याच्या मालाची असू शकते. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी. हे मानांकन विकणाऱ्याचे वय विचारीत नाही. माल कोठला आणि कसा केलेला, एवढेच ते सांगते. म्हणून खाते नवे असलेल्या खऱ्या कारागिराला त्याच्याइतका दुसरा आधार नाही. याच्या अगदी उलट प्रकार २०२५ च्या जून महिन्यात मिलानमध्ये दिसला : प्राडा या इटालियन पेढीने कोल्हापुरी धाटणीच्या चपला मूळ नावाचा उल्लेख न करता रंगमंचावर आणल्या, आणि ओरड झाल्यावर त्यांमागची भारतीय हस्तकलेची प्रेरणा कबूल केली. त्या पेढीची पत इतकी मोठी की मालाचे कूळ न सांगताही तिचे चालले असते. कापशीच्या मुलीचे कूळ सांगितल्यावाचून चालणार नाही. मग तिने ते पहिल्याच ओळीत का सांगू नये? ‘आमच्या घरात तीस वर्षे हेच काम चालते, कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले आहे, फोटोतलाच जोड येईल, मापाला बसला नाही तर बदलून देऊ.’ यातले एकही वाक्य खोटे नाही, आणि खात्याचे वय लपवण्याचीही यात गरज पडत नाही.

राहता राहिला पहिल्या अभिप्रायाचा प्रश्न. येथे अनेकांना एक आडवाट खुणावते : मावसभावाकडून, वर्गमैत्रिणीकडून, न घेतलेल्या चपलेवर पाच तारे लावून घ्यायचे. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले, ते या रोगाचा फैलाव पाहूनच. ते पाळणे ऐच्छिक ठेवण्यात आले. परंतु फसवणूक तेवढ्याने ऐच्छिक होत नाही. शिवाय अशा ताऱ्यांनी गिऱ्हाईक क्षणभर फसले तरी विक्रेती फसत नाही. काम तडीस गेलेले नाही हे तिला ठाऊक असते, आणि बांडुराच्या पहिल्या कलमाची जागा तशीच रिकामी राहते. मावसभावाला मदत करायचीच असेल तर त्याने पूर्ण पैसे मोजून जोड मागवावा, महिनाभर वापरावा, आणि डाव्या पायाचा अंगठा पहिले चार दिवस टोचला असेल तर तेही लिहावे.